काळ्या बिअरचा रंग आणि आमचा मोहा

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि पेपरात एक बातमी ठरलेली: नाल्याकाठच्या हातभट्टीवर छापा, इतके लिटर मोहा सडवा नष्ट. दारूशी माझी पहिली ओळख या बातमीतून झाली. त्यामुळे पुण्यात नोकरीला आल्यावर एका मित्राने इम्पिरियल स्टाउटचा छोटा ग्लास पुढे ठेवला, तेव्हा मी आधी रंगच बघत बसलो. डांबरासारखा काळा. वर कॉफीच्या रंगाचा फेस.

या बिअरची गोष्ट लंडनच्या हमालांपासून सुरू होते. अठराव्या शतकात तिथल्या कष्टकऱ्यांची आवडती बिअर म्हणजे पोर्टर. पोर्टर म्हणजे हमाल. त्यातली कडक ती स्टाउट. साउथवर्कमधल्या थ्रेल यांच्या कारखान्यातून अशी कडक बिअर रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी जायची. ती सात वर्षं टिकते, अशी ख्याती १७९६ च्या एका रोजनिशीत नोंदवलेली आहे. हमालांचं पेय दरबारात गेलं आणि पुढे त्याला 'इम्पिरियल' हे नाव चिकटलं.

गंमत म्हणजे कॅथरीनच्या ग्लासातली बिअर आजच्याइतकी काळी नसणार. तेव्हा रंग यायचा तपकिरी माल्टमुळे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवामुळे. पण फिक्या माल्टमधून साखर जास्त निघते, म्हणून कारखानदार तिकडे वळले. रंगासाठी काहीजण जळकी साखर घालू लागले. १८१६ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. थोडासा माल्ट टाकला की बिअर काळी. आज ज्या रंगावर आपण भाळतो, तो कायद्याने घडवला.

ही बिअर साधारण नऊ-दहा टक्क्यांच्या पुढची, म्हणून घाई चालत नाही. थंडगार असताना नुसता कडूपणा कळतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आधी कोऱ्या कॉफीचा वास येतो, मग काकवी, सुकं अंजीर आणि शेवटी तव्यावर करपलेल्या भाकरीच्या कडेची चव. मी बॅगेतला गोरसपाक काढला. वर्ध्याचा माणूस गावाहून येताना तो आणतोच. तुपाच्या त्या खुसखुशीत गोडव्याने कडूपणाची धार मोडली.

तेव्हा मोहा आठवला. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मग गाळायची. यातही कसब आहे, वास आहे, गोडवा आहे. पण १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने दारूबंदीचा कायदा केला. आजही आमचा जिल्हा कोरडाच आहे. लपून करायचं म्हटलं की सात वर्षं कोण थांबणार? लवकर सडावं म्हणून गूळ आणि नवसागर पडतो. पिणाराही अंधारात उभ्याने एका घोटात संपवतो. चव घ्यायला उजेड लागतो, बसायला जागा लागते.

म्हणून बंदी उठवा, असं मला म्हणवत नाही. भट्ट्या फोडायला निघालेल्या बायांनी घरं बुडताना पाहिलेली असतात. मजुरी दारूत गेलेल्या घरात करपलेली भाकरी ही चवीची उपमा नसते. हमालाचं पेय चवीने पिण्याची चैन मला परवडते, कारण माझा पगार त्यात बुडत नाही. मोह्याला मात्र अशी निवांत, उजेडातली संध्याकाळ आमच्याकडे कधी मिळालीच नाही, याची हळहळ वाटते. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोह्याच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान द्यायचं जाहीर केलं, तेव्हा तीच आठवली.

पुढच्या खेपेला घरी गेलो. आईने विचारलं, "गोरसपाक आवडला का रे तुझ्या मित्रांना?"

"खूप," म्हणालो. कशासोबत खाल्ला, ते सांगितलं नाही.