शिधा, वही आणि लाटणं

महिन्याची पहिली तारीख, हातात आलेला पगार आणि वाणसामानाची यादी. मध्यमवर्गीय मराठी घरांतला हा एक विधीच होता म्हणा ना! यादी लिहायला घरातलं शाळकरी मूल बसायचं आणि आई एकेक डबा हलवून, वाजवून कशात काय उरलंय ते सांगायची. तूरडाळ अजून दोन वाट्या आहे, म्हणजे या खेपेला अर्धा किलो कमी. आमच्या आईचं हे डबे वाजवणं बरीच वर्षं मला तिचा स्वभाव वाटायचं. स्वभाव होताच; पण त्याच्या मागे इतिहासही होता, आणि तो मुंबई बंदरात सुरू होतो.

मुंबई आणि कोकण हा भात खाणारा मुलूख. मुंबईला लागणारा पुष्कळसा तांदूळ ब्रह्मदेशातून बोटींनी यायचा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो थांबला. भाव कडाडले, धान्य दडवलं जाऊ लागलं. अखेर मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. हिंदुस्थानातल्या शहरांत ते पहिलंच. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. मुंबईवर तशी वेळ आली नाही यात त्या कार्डाचा वाटा होता. रेशनला नावं ठेवताना आपण हे विसरतो.

अर्थात, नावं ठेवण्यासारखंही पुष्कळ होतं. तांदूळ मोजका आणि बाकी गहू, ज्वारी, बाजरी. ज्या घरात दोन्ही वेळा भात शिजायचा, तिथल्या सुनांना पोळ्यांचा डोंगर लाटायची वेळ आली. धान्यात खडे, माती, किडे. १९४६ च्या सुरुवातीला माणशी रोजचा एक पौंडाचा शिधा १२ औंसांवर आला, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. ऐकायला हे कमी वाटत नाही. पण दूध, तेल, भाजी बेताचीच असलेल्या घरात पोट भरायचं ते धान्यानंच. पाहुणा चार दिवस राहिला की घरच्या बाईच्या पोटात गोळा यायचा.

‘काहीही फुकट जाता कामा नये’ ही शिस्त आपल्याकडे आधीपासून होतीच. रेशनच्या काळात ती पक्की झाली. धान्य पाखडताना निघालेली कणी वेगळी ठेवायची, तिच्या कण्या किंवा धिरडी करायची. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. शिळ्या पोळीचा कुस्करा, आणि त्याला नाव काय, तर ‘माणिकपैंजण’! शिळ्या भाकरीचे कुटके ताकात. दोडक्याच्या शिरांची चटणी. तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीवर साखर घालून ती मुलांच्या हातावर. या पदार्थांबद्दल आज आपण मोठ्या हौसेनं बोलतो. मात्र एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ताजं आधी पुरुषांच्या नि मुलांच्या पानात पडायचं, आणि शिळं संपवायची ती घरातली बाई, सगळ्यांच्या मागून. काटकसरीचा हिशेब जुळायचा तो बऱ्याचदा तिच्या ताटातून.

हिशेबाची भाषाही मधल्या काळात बदलली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. पाठोपाठ शेर, पायली जाऊन किलो आणि लिटर आले. आण्याचे सव्वासहा पैसे. हा पाव पैसा कुणाच्या खिशात जातो, यावर वाण्याच्या दुकानात वाद झडायचे. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यातली मापं वाटी-चमच्याची. ‘अंदाजपंचे’ स्वयंपाकात जे उरतं, ते मोजून केलेल्या स्वयंपाकात उरत नाही, हा त्या पुस्तकाचा एक गुण मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे.

तोवर देशाचंच अंथरूण अपुरं पडलं होतं. अमेरिकेशी १९५६ मध्ये झालेल्या पी. एल. ४८० करारानं गहू येत होता. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं, आणि कितीतरी घरांनी ते मनापासून पाळलं. खानावळीसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागल्या. १९६६ साली देशानं एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणलं. त्या वर्षांत आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ‘मिलो’ ज्वारी साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. भाकरी थापताना तुटायची आणि चवीचं तर नावच नको.

दात कोरून पोट भरत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. १९७२ मध्ये मुंबईतल्या बायकांनी हेच रस्त्यावर येऊन सांगितलं. दुष्काळ, महागाई, साठेबाजी. तेल, साखर, वनस्पती तूप बाजारातून गायब. फोडणीच्या भाताला फोडणी तरी कशाची घालायची? महागाईविरोधी महिलांची संयुक्त आघाडी उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्या तिथे एकत्र आल्या. एरवी घराबाहेर न पडणाऱ्या गृहिणी थाळी आणि लाटणं घेऊन मोर्चात चालल्या. दडवलेला माल उघडकीला आणणं, मंत्र्यांना घेराव घालणं, हे त्यांनी केलं. डाळीचा भाव, रेशनमधली तूट, वाण्याच्या मापातला फरक या गोष्टी त्यांना भाषणं ऐकून समजलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्या वहीत लिहिलेल्या होत्या. काटकसर हा आमचा गुण आहे म्हणून टंचाई हे आमचं नशीब ठरत नाही, इतकं साधं म्हणणं होतं ते.

१९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ते आंदोलन थांबलं.

मोर्चाहून परतलेल्या बाईला संध्याकाळचा स्वयंपाक काही चुकलेला नसणार. ज्या लाटण्यानं थाळी बडवली, त्याच लाटण्यानं पोळ्या. आमच्या घरच्या लाटण्याला एका बाजूला टवका उडालेला होता. तो कशानं उडाला, हे आईला विचारायचं राहूनच गेलं.