पंधरा दिवसांची रजा आणि टँडेम

सायकलीवरून चार-सहा दिवसांच्या सफरीस निघावयाचें आणि बरोबर दोन-तीन वर्षांचें मूल न्यावयाचें, म्हणजे सगळें बिऱ्हाडच चाकांवर बांधणें होय. हें धाडस फ्रान्समधील कित्येक कामगार कुटुंबांनीं १९३६ च्या उन्हाळ्यांत केलें. त्यांच्या तयारीचा इतिहास पाहूं गेल्यास टायर, पंप आणि दुधाची बाटली यांच्याही आधीं एक गोष्ट येते. ती म्हणजे रजा.

सायकल कामगाराच्या घरीं पूर्वींच आली होती. तिच्यावरून तो रोज कारखान्यांत जाई. नव्हती ती सवड. मे महिन्यांत डाव्या पक्षांच्या लोकआघाडीस निवडणुकींत यश आलें, पाठोपाठ देशभर संप झाले, जूनमध्यें लेआँ ब्लूम पंतप्रधान झाले, आणि २० जूनच्या कायद्यानें वर्षभर नोकरी झालेल्यास पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. क्रीडा व विरंगुळा यांचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांच्या खटपटीनें ऑगस्टपासून रेल्वेच्या भाड्यांत शेंकडा ४० सूटही सुरू झाली. तरीही भाडें आणि खानावळ यांचा मेळ ज्यांच्या मिळकतींत बसेना, त्यांनीं सायकलच बाहेर काढली.

टँडेम ही एकामागें एक दोघांनीं बसून चालवावयाची सायकल. नवराबायकोची ताकद सारखी नसली तरी वाटेंत ताटातूट होत नाहीं, हा तिचा मोठा गुण. मूल मागच्या लहान बैठकीवर, नाहीं तर मागें जोडलेल्या छोट्या गाडींत. बैठक दिसावयास क्षुल्लक. पण धावत्या सायकलीवर मूल हटकून झोपीं जातें आणि त्याची मान कलते. म्हणून तिची पाठ उंच हवी, पट्टा पक्का हवा, आणि इवले पाय चाकाच्या तारांत जाऊं नयेत असा आडोसा हवा. चढापेक्षां उतार अधिक बिकट. एवढें ओझें आवरतांना ब्रेक तापतात, म्हणून निघण्यापूर्वीं त्यांचीच परीक्षा आधीं घ्यावी लागे.

चढासाठीं गिअर होते. सेंतेत्येन येथील पॉल द विवी ऊर्फ व्हेलोसियो यांनीं आपल्या मासिकांतून त्यांचा पुरस्कार वर्षानुवर्षें केला होता. गंमत अशी कीं, टूर द फ्रान्सच्या शर्यतवीरांना साखळी सरकवून गिअर बदलण्याची जी मुभा १९३७ सालीं मिळाली, ती सुविधा सहलीस जाणाऱ्या गृहस्थाला आधींच मोकळी होती. भुकेच्या आधीं खावें, तहानेच्या आधीं प्यावें, निव्वळ अभिमानापोटीं पाय मारूं नयेत, असा व्हेलोसियोंचा दंडक असे. त्यांतील शेवटचा मुलाच्या बापास विशेष लागू. कारण दिवसाचा पल्ला मुलाच्या झोपेवर आणि रडण्यावर ठरे.

त्या वर्षींचीं हसतमुख छायाचित्रें पाहून सारा देशच रस्त्यावर उतरला असें समजूं नये. पुष्कळजण घरींच राहिले, नाहीं तर खेड्यांतील नातेवाइकांकडे गेले. समुद्रकांठच्या जुन्या धनिक पाहुण्यांना ही नवी वर्दळ रुचलीही नाहीं.

चार वर्षांनीं, १९४० च्या मे-जूनमध्यें, जर्मन फौजा पुढें सरकल्या आणि लाखों लोक दक्षिणेकडे निघाले. मोटारी, बैलगाड्या, ढकलगाड्या यांच्या गर्दींत सायकलीही होत्या. त्यांवर गाद्या, भांडीं आणि मुलें. या खेपेस तयारीला कित्येकांना एक रात्रही मिळाली नाहीं. लेओ लाग्रांज त्याच जूनच्या ९ तारखेस आघाडीवर मारले गेले.