वाटेतल्या गावांचा लोहमार्ग : अहमदनगर जिल्ह्यातील रेल्वे-आखणीचा इतिहास

अहमदनगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून २०२४ मध्ये त्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण प्रदेशात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुख्य लोहमार्ग एकच होता, आणि तोही दक्षिणेचे दौंड व उत्तरेचे मनमाड या जिल्ह्याबाहेरच्या दोन ठाण्यांना जोडण्यासाठी आखलेला होता. लोहमार्ग कोणत्या गावाजवळून न्यायचा, कोणते गाव बाजूला ठेवायचे आणि खर्चाचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नांची उत्तरे येथे बहुतेक वेळा टोकाच्या स्थानकांकडे पाहून दिली गेली. वाटेतल्या गावांची रोजची ये-जा हा त्या हिशेबातला दुय्यम रकाना राहिला. जिल्ह्यातील आजचे रेल्वेवाद समजून घ्यायचे, तर या सवयीचा उगम एकोणिसाव्या शतकात शोधावा लागतो.

मुंबई–ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने कल्याणपासून दोन फाटे काढले. आग्नेयेकडील फाटा बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूरमार्गे मद्रासच्या दिशेने गेला, तर ईशान्येकडील फाटा थळघाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळमार्गे मध्य व उत्तर हिंदुस्थानाकडे गेला. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मात्र दख्खनच्या पठारावरून उत्तरेकडे जाणारा माल किंवा सैन्य आधी बोरघाट उतरून कल्याणला यायचे आणि मग पुन्हा थळघाट चढून वर जायचे. हा दुहेरी हेलपाटा टाळण्यासाठी पठारावरूनच दोन्ही फाटे जोडणारा मार्ग, म्हणजे रेल्वेच्या परिभाषेत ‘कॉर्ड’ किंवा जोडमार्ग, आखण्यात आला. सुमारे १४५ मैलांचा हा दौंड–मनमाड मार्ग सरकारी खर्चाने बांधला गेला, १८७८ मध्ये सुरू झाला आणि पुढे कंपनीच्या जाळ्यात सामील झाला. अहमदनगर शहर व तेथील लष्करी छावणी या मार्गावर आली, परंतु मार्गाचा मूळ हेतू शहराला रेल्वे देणे हा नसून दोन दूरच्या प्रदेशांतील अंतर कमी करणे हा होता.

या मार्गाच्या बांधणीला १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील या जिल्ह्यात पिके बुडाल्यावर सरकारने दुष्काळी कामे काढली, म्हणजे उपासमारीला आलेल्या माणसांना खडी फोडणे, माती वाहणे, तलाव खोदणे अशी मजुरी देऊन जगवण्याची व्यवस्था केली. दौंड–मनमाड मार्गाच्या भरावाचे पुष्कळसे काम अशाच मजुरांकडून करून घेतले गेले. याच काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करण्यात आली, तेव्हा मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्याविरुद्ध दाद मागितली. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी मुलखात धान्य पोचवता यावे म्हणून लोहमार्ग वाढवण्याची शिफारस केली. मार्गाची आखणी साम्राज्याच्या सोयीने झाली आणि त्याची माती मात्र दुष्काळी मजुरांच्या डोक्यावरून वाहिली गेली, हे या जिल्ह्याच्या रेल्वे-इतिहासाचे पहिले वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

हेतू काहीही असला, तरी एकदा रूळ पडल्यावर त्यांनी आसपासच्या वस्तीची मांडणी बदलली. राहुरी, वांबोरी, पुणतांबे, कोपरगाव ही गावे मार्गालगत आली, तर श्रीगोंद्यासारख्या जुन्या पेठेच्या वाट्याला ‘श्रीगोंदा रोड’ हे गावापासून दूरचे स्थानक आले. ‘रोड’ जोडलेली अशी स्थानके त्या गावात नसून त्या गावाकडे रस्ता फुटतो तिथे असत, आणि पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा पायी करावा लागे. याउलट उदाहरण बेलापूरचे आहे. प्रवरेकाठच्या या जुन्या गावाच्या नावाचे स्थानक गावापासून काही अंतरावर उभे राहिले आणि त्या स्थानकाभोवती जी नवी पेठ वसली तिचेच पुढे श्रीरामपूर झाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला आणि हरेगाव, टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने निघाले. तेव्हा साखर, गूळ आणि धान्य बाहेर पाठवणारी ही स्थानकाची पेठ तालुक्याचे मुख्य ठिकाण बनली, तर मूळ बेलापूर मागे पडले. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये चालू झाला, तो याच कालव्यांच्या पट्ट्यात. पाणी आणि रूळ जेथे जवळजवळ आले, तो उत्तर भाग संपन्न झाला आणि जेथे दोन्ही पोचले नाहीत, तो पूर्व व दक्षिण भाग ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्यांचा झाला.

पूर्वेकडे रेल्वे न जाण्यामागे भूगोलापेक्षा राज्यकारभाराचे कारण अधिक होते. आष्टी, बीड हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे आणि त्या राज्याच्या रेल्वेने मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा स्वतःचा मीटरमापी मार्ग एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर बांधला. त्यामुळे दोन राजवटींच्या सीमेवरचा पट्टा दोघांच्याही आराखड्याबाहेर राहिला. ही पोकळी भरण्यासाठी अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास होता. भूसंपादन आणि निधी रखडत गेला, राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले आणि अंदाजपत्रक साडेचार हजार कोटींच्या पलीकडे गेले. आष्टीपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि बीड शहरात पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, धावली. तथापि सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी सकाळी अहिल्यानगरहून निघून दुपारी बीडला पोचत असे आणि लगेच परतीला लागून संध्याकाळी अहिल्यानगर गाठत असे. बीड किंवा आष्टीच्या माणसाने नगरला येऊन दवाखाना, बाजार वा नोकरी उरकावी आणि त्याच दिवशी परत जावे, ही सोय त्यात नव्हती. रूळ टाकणे आणि रोजचा प्रवासी मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मार्गाने स्पष्ट केले.

रोजच्या प्रवाशाचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो पुणे–नगर दरम्यान. रस्त्याने हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, तर रेल्वेने दौंडला वळसा घालून ते १६० किलोमीटरच्या आसपास भरते. शिवाय दीर्घकाळ दौंडला गाडीची दिशा उलटत असल्याने इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि त्यात वेळ जाई. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर याच मार्गावर धावली आणि तेव्हापासून या दोन शहरांमधली वाहतूक मुख्यतः रस्त्यानेच चालत आली आहे. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे या पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या, त्याही लोहमार्गापासून दूर, रस्त्याच्या आधाराने. अलीकडे दौंडजवळ इंजिन न उलटवता गाडी थेट नेणारा छोटा जोडमार्ग झाला, दौंड–मनमाड मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि दुहेरीकरण, म्हणजे जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र रूळ टाकण्याचे काम, हाती घेण्यात आले. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. पुणे–दौंड मार्गाला उपनगरी दर्जा द्यावा आणि नगरपर्यंत नियमित गाड्या सोडाव्यात, ही प्रवासी संघटनांची मागणी त्याच धर्तीची आहे. उपनगरी सेवेत ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्या, स्वस्त मासिक पास आणि कामाच्या वेळेशी जुळणारे वेळापत्रक अभिप्रेत असते, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना अधूनमधून एखादा थांबा देऊन ते साध्य होत नाही.

पश्चिमेकडील मागणी याहून जुनी आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा मार्गे नगरला येणारा लोहमार्ग झाल्यास मुंबईचे अंतर लक्षणीय कमी होईल, ही गोष्ट नकाशावर सहज दिसते आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवेदने दिली गेली. परंतु सह्याद्री चढण्याचा खर्च प्रत्येक वेळी आड आला. प्रत्यक्ष हालचाल झाली ती पायथ्याच्या कल्याण–मुरबाड टप्प्यापुरती, कारण तो भाग मुंबईच्या उपनगरी विस्तारात बसतो. घाटाखालच्या माणसाला लोकलचा विस्तार आणि घाटावरच्या माणसाला सर्वेक्षण, अशी ही वाटणी झाली.

संगमनेर आणि अकोले या तालुक्यांची आशा पुणे–नाशिक लोहमार्गावर होती. सुमारे २३५ किलोमीटरच्या या अर्धद्रुतगती मार्गाची मार्गरेषा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी होती आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली. अडचण नारायणगावजवळच्या खोडद येथे निघाली. तेथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी ती अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपते, आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निर्माण होणाऱ्या लहरींचा तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येऊ शकतो. या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने जुनी मार्गरेषा नाकारली आणि २०२५ मध्ये चाकण, अहिल्यानगर, शिर्डी, नाशिक अशी नवी दिशा पुढे केली. त्यावर संगमनेर, अकोले व जुन्नर भागातून आक्षेप उमटले. त्यांचा मुद्दा असा की दुर्बिणीला वळसा घालणे हा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्यासाठी संपूर्ण मार्ग दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचे कारण नाही. उलट बाजूचे म्हणणे असे की शिर्डीमार्गे गेल्यास दुहेरी होत असलेले रूळ वापरता येतात आणि भाविकांची मोठी वाहतूक हमखास मिळते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, परंतु पहिला वाटेतल्या वस्तीविषयी बोलतो आणि दुसरा पुन्हा टोकांविषयी.

तीर्थयात्रेचे पारडे अलीकडे जड होत गेले आहे. पुणतांब्याहून शिर्डीपर्यंतचा सुमारे १७ किलोमीटरचा फाटा बांधून साईनगर शिर्डी स्थानक २००९ मध्ये सुरू झाले आणि देशभरातून थेट गाड्या तेथे येऊ लागल्या. राहुरीहून शनिशिंगणापूरपर्यंत सुमारे २२ किलोमीटरच्या नव्या मार्गालाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. भाविकांची सोय व्हावी यात दुमत नाही. मात्र त्याच काळात बेलापूरहून नेवासे, शेवगावमार्गे परळीकडे जाणाऱ्या मार्गाची जुनी मागणी कागदावरच राहिली आणि जामखेड, पाथर्डी, शेवगाव ही तालुक्याची गावे आजही रेल्वेविना आहेत.

१८७८ मध्ये जिल्ह्यातल्या लोकांचे मत विचारात घेण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्या आखणीला आजच्या कसोट्या लावणे न्याय्य ठरणार नाही. स्वतंत्र देशात लोकप्रतिनिधींच्या आणि राज्याच्या निम्म्या पैशाच्या बळावर मार्ग ठरतात, तेव्हा मात्र कसोटी बदलायला हवी. अमुक मार्गाने पुणे आणि नाशिक, किंवा मुंबई आणि परळी, किती तासांनी जवळ येतात याच्या जोडीने त्या मार्गावरच्या प्रत्येक स्थानकातून सकाळी किती विद्यार्थी, कामगार आणि रुग्ण गाडीत चढतील आणि संध्याकाळी घरी पोचतील, याची मोजणीही प्रकल्प अहवालात प्रथमपासून असली पाहिजे. ती नसेल, तर जिल्ह्यातून जाणाऱ्या गाड्यांची संख्या वाढेल आणि जिल्ह्यातला माणूस पूर्वीसारखाच एसटीच्या फलाटावर उभा राहील.