फाळका ठोकायचा की नवा टाकायचा?

परवा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात पिकअप मागं घेताना फाळका खांबावर बसला. मधोमध पोचा, डावी कडी वाकडी. डेंटर म्हणाला, "ठोकून देतो, भाऊ." पार्टवाल्यानं बिगरकंपनीचा नवाकोरा फाळका पुढं केला. ठरवताना आजोबांची बैलगाडी आठवली.

बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता. आरा मोडला तर आरा बदलायचा, जू मोडलं तर जू. सुतार बाभळीचं लाकूड तासून तेवढाच भाग बसवायचा. लोहार धाव लालबुंद तापवून चाकावर चढवायचा, वरून पाणी ओतलं की ती आकसून घट्ट बसायची. दोघंही बलुतेदार, मोबदला सुगीला धान्यात. काम कच्चं निघालं तर खळ्यावर तोंड दाखवायची पंचाईत, हीच त्या कामाची गॅरंटी.

पुढं ट्रक आले. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. पण बऱ्याचदा कंपनीकडून नुसती चासीच मिळायची. हौदा बॉडीवाला बांधायचा: लाकडी फळ्या, लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट. फळी फुटली की फळी बदलली, विषय संपला.

आपल्याकडं कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे. कालव्याखाली टोमॅटो, कांदा, बटाटा वाढला. हा माल थांबत नाही, त्याला बांधापर्यंत येणारी गाडी लागते. १९८६ ला टाटा ४०७ आली, २००५ ला छोटा हत्ती. या छोट्या गाड्यांचा हौदा कारखान्यातूनच पत्र्याचा तयार यायला लागला. इथं सुताराचा हात सुटला. एक फळी बदलायची सोय गेली. आता ठोका, नाहीतर अख्खा फाळका बदला.

मागं एकदा मी स्वस्तातला फाळका टाकला होता. दिसायला झकास. पण पत्रा पातळ, आतून पन्हाळी कमी, बिजागरीची भोकं जुळेनात म्हणून ओढून-ताणून बसवला. कळंबजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर खिळी निसटली, फाळका उघडला आणि भरलेले क्रेट रस्त्यावर. मागचा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. टोमॅटोचं नुकसान मी विसरलो, त्याचा चेहरा नाही.

म्हणून या वेळी आधी तपासलं. पोचा सपाट भागात, बिजागरीची कड सरळ, चौकट शाबूत, गंज नाही. मग ठोकूनच घेतला. पुट्टी पातळ, खाली रेड ऑक्साइड, आतल्या बाजूनंही. वाकडी कडी मात्र सरळ केली नाही, नवी टाकली. वाकवून सरळ केलेलं लोखंड तिथंच पुन्हा दगा देतं.

कड वाकली, वेल्डिंग तुटलं किंवा पत्रा गंजून चाळणी झाला असेल तर बदलाच. बिगरकंपनीचा घ्यायलाही हरकत नाही, पण जुना फाळका दुकानात सोबत न्या. पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. भोकं जुन्यावर ठेवून जुळवा. बसवल्यावर रिकाम्या गाडीत दहा वेळा उघडझाप करा, मगच माल भरा.

सुतार गेला, खळं गेलं. आता गॅरंटी आपल्याच डोळ्यांची. तुमच्या गाडीचा फाळका शेवटचा कधी तपासला होता? खाली लिहा.