चंपाकली, गुलाब आणि सकीना

गेल्या डिसेंबरात मुलीच्या गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. इथेच, बोरीवलीतल्या एका हॉलमध्ये. निवेदकाने कागद बघून नाव पुकारलं, "सकीना..." आणि किंचित थांबला. मग हसून म्हणाला, "आणि ही गाणार आहे चक्क नाट्यगीत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस वाईट नव्हता, टाळ्याही मनापासूनच्या होत्या. पोरगी छान गायली. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "अब्बा, चक्क का म्हणाले?"

मी म्हटलं, सहज म्हणाले असतील. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही. खरं उत्तर लांबलचक आहे, ते इथे लिहितो.

सुरुवात थोडी आडवळणाने करतो. आयसी कॉलनीत माझा बँकेतला एक जुना सहकारी राहतो. त्याला ऑपेराचं वेड. त्याच्याकडे मी पहिल्यांदा मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'मधली रात्रीची राणी ऐकली. 1791 साली व्हिएन्नात हा ऑपेरा रंगभूमीवर आला. राणीची भूमिका मोझार्टच्या मेहुणीने केली आणि तिचा गळा डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने ती लिहिली होती. बाईचा आवाज इतक्या वर जातो आणि तिथे इतक्या बारीक, तुटक, लखलखीत सुरांनी नाचतो की ऐकणारा आपोआप ताठ बसतो. या गायकीला कलोरातुरा म्हणतात. मूळ अर्थ रंग भरणं. माझ्या मित्राने विचारलं, "तुमच्या मराठीत असं काही आहे?" मी म्हटलं, आहे, आणि ती आमच्या मिरजेची आहे.

हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेत, 1905 साली. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, मूळ उत्तर प्रदेशातल्या किराण्याचे. आई ताराबाई माने, बडोद्याच्या मराठा सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोदे दरबारात गात असताना दोघांचं जमलं, बडोदं सुटलं, आणि पुढे मिरज हे घर झालं. पाच मुलं झाली. अब्दुल रहमान, कृष्णा, चंपाकली, गुलाब आणि सकीना.

होय, सकीना. माझ्या मुलीला ते नाव माझ्या दादीमुळे मिळालं, गाण्याशी त्याचा संबंध नव्हता. आता वाटतं, असायला हरकत नाही.

खाँसाहेबांनी बेळगाव, पुणे, मुंबई इथे आर्य संगीत विद्यालय चालवलं. नाव नीट वाचा, 'आर्य'. किराण्याहून आलेल्या उस्तादाला ते नाव परकं वाटलं नाही. पुढे नवराबायकोचं बिनसलं आणि ताराबाई पाचही मुलांना घेऊन बाहेर पडल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई, गुलाब कमलाबाई, सकीना सरस्वती. कृष्णा तेवढा कृष्णाच राहिला, त्याचं नाव बदलायची गरज नव्हती!

या नामांतराबद्दल आमच्या लोकांत दोन टोकाची मतं ऐकली आहेत. एक म्हणतं, मुलं हिरावून घेतली. दुसरं म्हणतं, बरंच झालं, नाहीतर महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं नसतं. मला दोन्ही पटत नाहीत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पाच मुलं एकटीने वाढवायला निघालेली बाई आपल्या माहेरचं नाव मुलांना देते, यात मला आधी ती आई दिसते. आणि 'बडोदेकर' हे तर बापाचंही नाही, नवऱ्याचंही नाही, ते गावाचं नाव.

हिराबाईंचं पहिलं शिक्षण थोरल्या भावाकडे, मग अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. हे करीम खाँचेच भाऊबंद. म्हणजे घर बदललं, आडनाव बदललं, तालीम मात्र किराण्याचीच राहिली. किराणा म्हणजे एकेका सुरावर रेंगाळणं. कलोरातुराच्या अगदी उलट. रात्रीची राणी धावते, किराण्याचा गवई थांबतो. आणि अशा तालमीतली ही मुलगी संगीत नाटकात उतरली, जिथे थांबायला वेळ नसतो.

1929 च्या सुमारास माने कुटुंबाने नाटक कंपनी काढली. तोवर मराठी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुष करत. बालगंधर्वांची सिंधू, बालगंधर्वांची रुक्मिणी. साडी कशी नेसावी हे गृहिणींनी एका पुरुषाकडून शिकण्याचा तो काळ. अशा वेळी हिराबाई आणि त्यांच्या बहिणी स्वतः उभ्या राहिल्या. सौभद्र, संशयकल्लोळ, एकच प्याला. ही नाटकं प्रेक्षकांना पाठ होती, कुठल्या पदाला वन्समोअर द्यायचा तेही ठरलेलं होतं. तिथे नवीन काय करणार? आवाज. पुरुषाने बाईसारखं गाणं वेगळं आणि बाईने आपल्याच पट्टीत, जोर न लावता गाणं वेगळं. हिराबाईंच्या ध्वनिमुद्रिका ऐका. तान आहे, पण ती चमकवून दाखवलेली नाही. मोत्याची सर हातातून ओघळावी तशी येते आणि शब्द न मोडता निघून जाते. तीन मिनिटांच्या तबकडीत राग मांडायचा, पद म्हणायचं, दोन ताना घ्यायच्या आणि समेवर यायचं, हे कसब नाटकाने शिकवलं असं माझं मत आहे. नाटकाने त्यांना घाई शिकवली नाही, आटोपशीरपणा शिकवला.

ऑपेराच्या गायिकेची गोष्ट याहून वेगळी. तिचा प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो, पट्टी संगीतकाराने ठरवलेली असते आणि समोरच्या अख्ख्या वाद्यवृंदावरून तिला मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. मायक्रोफोनशिवाय पोचणं आमच्या नाटकवाल्यांनाही चुकलं नव्हतं. बाकी सगळं मोकळं.

कंपनी फार चालली नाही. 1931 ला बोलपट आला आणि एकेक नाटक मंडळी बसत गेली. डोक्यावर कर्ज राहिलं, ते हिराबाईंनी मैफली करून फेडलं. याच मैफलींनी त्यांचं खरं नाव झालं. बाईने तिकीट लावून, सभ्य लोकांसमोर, अदा न करता नुसतं बसून गावं, हा पायंडा महाराष्ट्रात त्यांच्याच नावाने सांगतात. आधी ख्याल, मग ठुमरी, मग नाट्यपद, भावगीत, शेवटी भजन. आजही आपल्याकडे मैफल साधारण याच क्रमाने लागते. देश स्वतंत्र झाला तेव्हा 'वंदे मातरम्' गायला दिल्लीत बोलावलं ते चंपाकलीला. 1965 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 1970 चं पद्मभूषण, आणि 1989 ला मृत्यू.

आता 'चक्क'कडे येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात शाकुंतल करून संगीत नाटकाचा पाया घातला. त्याआधी त्यांनी पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहिलं होतं आणि तिथून कल्पना सुचली, असं नाटकाच्या इतिहासात सांगतात. 'इंद्रसभा' लखनौच्या अमानतची, उर्दूतली. पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. 'मानापमान'मधली दोन पदं खुद्द अब्दुल करीम खाँनी ध्वनिमुद्रित केली आहेत, 'प्रेम सेवा शरण' आणि 'चंद्रिका ही जणू'. ज्या माणसाचं घर मोडलं, मुलं दुसऱ्या नावाने नाटकात गाऊ लागली, तो उतारवयात मराठी नाट्यपद तबकडीवर गातो. का गायले असतील, यावर मी कधी कधी विचार करत बसतो. उच्चार किराण्याचे आहेत, सूर असा की 'ळ' आणि 'ण' मोजायची कुणाला शुद्ध राहत नाही.

1937 साली मद्रासकडच्या दौऱ्यावर असताना एका छोट्या रेल्वे स्टेशनवर खाँसाहेब गेले. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. माझी दादी मिरजेची. उरुसाला दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं चालायचं आणि ती पदराखाली चुरमुरे घेऊन बसायची. समोरचा गवई कुठल्या नावाचा, हे तिने मला कधी सांगितलं नाही. बहुधा तिच्या लक्षातच राहत नसे.

हे सगळं मी मुलीला दोन-तीन संध्याकाळी सांगितलं. सकीनाची सरस्वती राणे झाली हे ऐकून तिने लगेच मोबाईलवर त्यांचं 1943 च्या 'रामराज्य'मधलं गाणं शोधलं. दोनदा ऐकलं. मग पेटी काढून बसली, थोडं वाजवलं, थांबली आणि म्हणाली, "तान जमेल अब्बा. ती मधली जागा नाही जमत."