अज्जीचं दूध

श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या चढून गेलं, की बाहुबलींच्या पावलांजवळ एक ओळ कोरलेली दिसते. 'श्रीचावुंडराजें करवियलें.' कानडी मुलखातली ही मराठी ओळ आपण शाळेत पाठ केलेली. मला त्यातलं क्रियापद आवडतं. 'केलें' नव्हे, 'करवियलें'. म्हणजे करवून घेतलं.

चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा शिष्य. इ. स. 981 च्या सुमारास त्याने आई काललदेवीच्या इच्छेखातर ही सुमारे 58 फुटांची मूर्ती एकाच पाषाणातून घडवून घेतली. पुरुषार्थ म्हणावा तो हाच.

पण परंपरा पुढची गोष्टही सांगते. पहिल्या अभिषेकाला चामुंडरायाने दुधाचे कलशांवर कलश ओतले, तरी दूध काही पावलांपर्यंत पोचेना. मनात 'मी केलं' हा भाव शिरला होता. तेवढ्यात एक गरीब म्हातारी गुळ्ळकाईच्या फळात मावेल एवढंसं दूध घेऊन आली. लोक हसले. ते दूध ओतलं मात्र, मूर्ती नखशिखांत न्हाऊन निघाली! ती म्हणजे कूष्मांडिनी यक्षी होती, असं सांगतात. गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही बाहुबलींच्या समोर, दाराबाहेर, हातात फळ घेऊन उभी आहे. आपल्या सीमाभागात 'अज्जी' म्हणजे कोण, हे सांगायला नकोच.

आता प्रश्न असा, की ही कृपा म्हणायची का? आपल्या धर्मात वरून कृपा करणारा कर्ता ईश्वर नाही. ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं. आपला शब्द आहे 'निमित्त'. आदिपुराणातले बाहुबली वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. माझ्यामुळे भरताला क्लेश झाले, एवढं एक शल्य आत उरलं होतं. भरताने येऊन पूजा केली, शल्य गेलं आणि ज्ञान झालं. भरत निमित्त झाला. पण वर्षाचं तप नसतं, तर नुसत्या त्या पूजेने काय झालं असतं? आणि मूर्तीच नसती, तर अज्जीने दूध ओतलं कशावर असतं?

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात औषधं, पथ्य, जागरणं, सगळं मी केलं. एवढं केलं म्हणजे त्या बऱ्या व्हायलाच हव्यात, असा हिशेब मनात मांडून बसले होते. ताप उतरला नाही की चिडायची, कधी डॉक्टरांवर, कधी घरातल्यांवर. एके रात्री त्याच म्हणाल्या, "केलंस ना गं तू? मग झालं. आता बस इथं, णमोकार म्हण." त्या रात्री पहिल्यांदा मी त्यांचा हात नाडी बघायला नव्हे, नुसताच हातात धरला. दुसऱ्या दिवशी औषध वेळेवर दिलंच, पण हिशेब सोडून.

त्या गेल्या. मला 'मी कमी पडले' असं वाटलं नाही, हे माझं मलाच नवल वाटलं.

पुढच्या वेळी डोंगरावर गेलात, तर बाहुबलींचं दर्शन झाल्यावर लगेच पायऱ्या उतरू नका. दाराबाहेर अज्जीपाशीही घटकाभर थांबा.