वर्गणीतला वाटा : निबंधमालेपासून माझ्या पत्रापर्यंत

परवा जुन्या पनवेलमधल्या एका निवृत्त गुरुजींनी रस्त्यात थांबवलं आणि हातात पाकीट ठेवलं. आत सहाशे रुपये. "वर्षाची वर्गणी घे. यात कुणाचा वाटा नको." मी हसलो, पण घरी येऊन हिशोबाची वही काढली. कारण वाटा हाच सध्या माझा विषय आहे.

माझी नोकरी टाळेबंदीत गेली. ज्या वर्तमानपत्रात होतो त्यांनी तालुक्याचं पानच बंद केलं. त्यानंतर मी आठवड्याला एक पत्र ईमेलने पाठवायला लागलो. महापालिकेची महासभा, मालमत्ता कराचा वाद, सिडको आणि पालिका यांच्यातली टोलवाटोलवी. महिन्याला साठ रुपये. लोक म्हणाले, आता मधे कुणी नाही, तू आणि वाचक. खरं सांगू? मधे कुणी नाही असा काळ मराठीत कधी नव्हताच.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' घ्या. जानेवारी 1874 मध्ये सुरू झालेलं मासिक, 84 अंक, आणि जवळजवळ सगळं लेखन एकट्याचं. आजच्या भाषेत ते एका माणसाचं सशुल्क पत्रच होतं. शास्त्रीबुवा तेव्हा सरकारी शाळेत मास्तर. म्हणजे घर नोकरीवर आणि लेखणी वर्गणीदारांवर. पण वर्गणीदाराचा रुपया लेखकापर्यंत येताना छपाई, कागद, टपाल असे थांबे घेत यायचा. 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली, 1880 मध्ये टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि सोबत स्वतःचा छापखानाही उभा केला, आर्यभूषण. 'केसरी' आणि 'मराठा' 1881 च्या जानेवारीत तिथूनच निघाले. देशभक्ती होतीच, पण त्यात साधा धंद्याचा हिशोबही होता. छापखाना दुसऱ्याचा असेल तर दर त्याचा आणि मर्जीही त्याची.

वसुलीचं दुखणं वेगळं. त्या काळच्या अंकांवर वर्गणीचे दोन दर छापलेले दिसतात, आगाऊ दिली तर कमी, मागाहून दिली तर जास्त. थकबाकीने भलेभले बुडाले. मग टपालखात्याने 1877 मध्ये व्हीपी आणली आणि 1880 मध्ये मनीऑर्डर. पैसे घरपोच, पण कमिशन कापून. आपल्या पिढीने पाहिलेली मनीऑर्डर आठवा. वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच.

पण त्याच टपालखात्याने दुसऱ्या हाताने दिलंही. नोंदणीकृत नियतकालिकाचा 50 ग्रॅमपर्यंतचा अंक अनेक वर्षं 25 पैशांत जायचा. अट अशी की खऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. वाचकाने पैसे मोजून घेतलेलं छापील पान ही सार्वजनिक गरज आहे, असं सरकारने मान्य केलं होतं. माझ्या ईमेलला तशी सवलत कोण देणार?

आता आजचा वाटा. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, "सबस्टॅकवर ये, इकडचे पनवेलकर पाच डॉलर देतील." मी कागद घेतला. सबस्टॅक दहा टक्के घेतं, म्हणजे 50 सेंट. पैसे वळते करणारी स्ट्राइप 2.9 टक्के अधिक 30 सेंट घेते, म्हणजे साडेचव्वेचाळीस. नियमित वसुलीचे आणखी 0.7 टक्के, म्हणजे साडेतीन. झाले 98 सेंट. पाचातला जवळजवळ एक डॉलर गेला, शेकडा वीस! तोच वाचक वर्षाचे 50 डॉलर एकदम देईल तर 7 डॉलर 10 सेंट जातात, शेकडा चौदा. फरक त्या 30 सेंटचा. ठरावीक आकार नेहमी लहान रकमेलाच जास्त चावतो. म्हणजे गरीब वाचकासाठी वर्गणी कमी ठेवणारा लेखक सगळ्यात जास्त टक्का भरतो.

आणि हे सगळं खातं उघडलं तर. स्ट्राइप 2024 पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणानेच देते. दारातच गाडी अडली.

दार कोण उघडतं हा प्रश्नही जुनाच. 1920 मध्ये बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापली नाही. ज्यांनी स्वतःचं व्यासपीठ कष्टाने उभं केलं, त्यांच्याच व्यासपीठावर दुसऱ्याला जागा नव्हती. पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' आलं. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने एकटे लिहायचे. 1929 मध्ये ते पैशांअभावी बंद पडलं. तिथे कमिशन कुणी खाल्लं नव्हतं. वाचकाच्याच खिशात नव्हतं.

म्हणून नुसत्या टक्क्यावरून बोंब मारणं मला अर्धवट वाटतं. माझ्याकडे देशी पेमेंट कंपनी दोन टक्के अधिक जीएसटी घेते. साठ रुपयांवर होतात एक रुपया बेचाळीस पैसे. त्याने मी मेलो नाही. मला मारलं ते आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीने. रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमाने आधी संमती लागते आणि कपातीपूर्वी 24 तास सूचना जाते. ग्राहकासाठी नियम चांगलाच. पण एका महिन्यात माझ्या 27 वाचकांची कपात अडली. निम्म्यांना पत्ता नाही, उरलेल्यांना पुन्हा बटण दाबायचा कंटाळा. शेवटी एकेकाला फोन केला.

त्यातून शिकलो ते शास्त्रीबुवांच्या काळातलंच. वर्गणी वर्षाची आणि आगाऊ घ्यायची. यूपीआयने थेट घ्यायची, तिथे माझं काहीच कापलं जात नाही. आणि वर्गणीदारांची यादी स्वतःच्या वहीत ठेवायची. कंपनी उद्या दहाचे पंधरा टक्के करेल, चालेल. यादी माझ्याकडे असेल तर मी उठून दुसरीकडे जाईन. नसेल तर मी तिचा नोकर, तोही बिनपगारी.

आज माझ्या वहीत 143 नावं आहेत. तेवढ्यावर घर चालत नाही, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांचे मजकूर लिहून देतो तेव्हा चालतं. पण गेल्या महासभेत पत्रकारांच्या बाकावर मी एकटाच होतो. ते बाक रिकामं राहिलं तर पालिकेचा कोणता ठराव कसा पास झाला हे तुम्हाला कोण सांगणार?

गुरुजींचं नाव आज 144 वं लिहिलं. पुढे लिहिलं, रोख, पूर्ण.